राष्ट्रपती आपला, सही कुणाची?

२५ जुलै आली की आमच्यातल्या काही शहाण्यांना उमाळा येतो. १९९७च्या २५ जुलैला के. आर. नारायणन यांनी शपथ घेतली. २०१७च्या २५ जुलैला रामनाथ कोविंद यांनी. २०२२च्या २५ जुलैला द्रौपदी मुर्मू यांनी. दोन दलित, एक आदिवासी. मग फोटोंना फ्रेमा होतात, पेढे वाटले जातात. म्हणे ३४० खोल्यांच्या वाड्यात आपला माणूस बसला. बसला तर बसू दे. माझा सवाल बसण्याचा नाय, सहीचा आहे. तिथं बसून तो जी सही करतो ती कुणाची?

पेढा तोंडात टाकायच्या आधी जरा कॅलेंडर बघा. ११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातलेली. चिडून रस्त्यावर आलेल्या आपल्या माणसांवर राज्य राखीव दलानं गोळ्या झाडल्या. १० माणसं मेली. १५ जुलैला विलास घोगरे या आपल्या शाहिरानं गळफास घेतला. आणि २५ जुलैला देशाला पहिला दलित राष्ट्रपती मिळाला. चौदा दिवसांत आम्हाला गोळीही मिळाली आणि खुर्चीही. दोन्ही एकाच लोकशाहीनं दिलं. खुर्ची मिळाली म्हणून पुढची गोळी चुकत नाही, हे ज्याला कळत नाही त्यानं खुशाल फ्रेम पुसत बसावं.

राजा ढाल्यांनी १९७२ साली 'साधना'त राष्ट्रध्वजाचा सवाल काढला तेव्हा सगळा पांढरपेशा महाराष्ट्र पिसाळला होता. झेंड्याच्या अपमानाला जबर शिक्षा आणि आमच्या बाईच्या अब्रूला किरकोळ दंड, हे कसं, एवढंच त्यांनी विचारलं. प्रतीक मोठं की माणूस, हा तो सवाल. राष्ट्रपती हेसुद्धा प्रतीकच. फक्त हे प्रतीक आता आमच्या जातीचं निवडून आणतात, म्हणजे सवाल विचारणाऱ्याचं तोंड आपोआप बंद. '२०१७ला दोन्ही उमेदवार तुमचेच होते, आणखी काय पाहिजे?' होय, होते. एका बाजूला कोविंद, दुसऱ्या बाजूला मीरा कुमार. दोन्ही पक्षांना एकाच वेळी दलिताची आठवण झाली ती पंतप्रधानपदासाठी नव्हे. जिथं निर्णय होतो तिथं नव्हे, जिथं निर्णयावर शिक्का पडतो तिथं. एवढं तरी ध्यानात घ्या, दोस्तहो.

आणि 'आपला माणूस' हे नुसतं जातीचंच गाणं नाही. वराहगिरी व्यंकट गिरी कामगारांचे पुढारी, रेल्वे कामगारांच्या युनियनी बांधलेला माणूस. १९६९ला राष्ट्रपती झाले. मे १९७४ मध्ये रेल्वेचा संप झाला, वीस दिवस चालला. हजारोंनी कामगार तुरुंगात कोंबले, नोकऱ्या गेल्या, रेल्वेच्या वसाहतींतून बायकापोरांना हुसकावलं. तेव्हा राष्ट्रपती भवनात बसले होते रेल्वे कामगारांचेच जुने पुढारी. घ्या आपला माणूस!

इथं आमच्यातलेच दुसरे शहाणे उठतात. म्हणतात, मग राष्ट्रपतीला जादा अधिकार द्या, त्याला स्वतंत्र करा, म्हणजे तो सरकारला वठणीवर आणील. या लोकांशी मला जास्त भांडायचंय, कारण यांचं बोलणं क्रांतिकारक वाटतं आणि ते थेट खड्ड्यात नेतं.

'रबर शिक्का' म्हणून ज्याला हिणवता तो शिक्का बाबासाहेबांनी स्वतः कोरलाय. ४ नोव्हेंबर १९४८ला घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी साफ सांगितलं, की हा राष्ट्रपती राष्ट्राचा प्रमुख असेल, राज्यकारभाराचा नसेल. तो राष्ट्राचं प्रतिनिधित्व करील, राष्ट्रावर राज्य करणार नाही. राष्ट्राचे निर्णय ज्या मोहोरेनं जाहीर होतात त्या मोहोरेसारखी त्याची जागा. असं का केलं? कारण राज्य करणारा माणूस रोज सभागृहात जाब देणारा पाहिजे, आणि नको झाला तर हाकलता आला पाहिजे. पाच वर्षं वाड्यात बसून मनाला येईल ते करणारा राजा त्यांना नको होता. वर्षभरानं, २५ नोव्हेंबर १९४९ला, त्यांनी आणखी बजावलं, की राजकारणातली भक्ती हा अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा रस्ता. फ्रेम पुसणाऱ्यांनी हे भाषण एकदा वाचावं.

आणि 'स्वतंत्र राष्ट्रपती' आम्ही बघितलाय. पहिल्याच राष्ट्रपतीनं स्वतंत्र व्हायला बघितलं. कशासाठी? भुकेल्यांसाठी? वेठबिगारांसाठी? हट्! हिंदू कोड बिल अडवण्यासाठी. सप्टेंबर १९५१ मध्ये राजेंद्र प्रसादांनी नेहरूंना लिहिलं, की या बिलाच्या बाबतीत आपण मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं नाही, स्वतःच्या विवेकानं वागू. बाईला वारसा द्यायचा, घटस्फोट द्यायचा म्हटल्यावर राष्ट्रपतीचा विवेक जागा झाला! काशीला २०० ब्राह्मणांचे पाय धुणारा राष्ट्रपती म्हणून लोहियांनी ज्यांना झोडपलं ते हेच. नेहरूंनी सेटलवाड आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांना विचारलं. दोघांनी सांगितलं, राष्ट्रपती सल्ल्याला बांधलेला आहे. बिल एकट्या प्रसादांमुळं पडलं असं नाही, काँग्रेसमधलेच सनातनी त्याच्यावर बसले होते. २७ सप्टेंबरला बाबासाहेबांनी राजीनामा दिला. पण पुढं बघा. १९५५-५६ मध्ये तेच बिल तुकडे तुकडे होऊन आलं; लग्नाचा कायदा, वारशाचा कायदा, दत्तकाचा कायदा. त्याच राष्ट्रपतींना त्याच्यावर सही करावी लागली. कारण ते बांधलेले होते. म्हणजे बाबासाहेबांनी घातलेला तो दोर आमच्या बायांच्या कामी आला. आता तो दोर सोडायला निघालात? वाड्यात उद्या कोण बसेल याची हमी कोण देतो?

तर मग राष्ट्रपतीचं स्वातंत्र्य म्हणजे काय? सरकारच्या डोक्यावर बसणं नाही. मग सरकारच्या पायाशी बसणं? तेही नाही.

गोदीत टॅली क्लार्क असतो. मी रोज बघतो त्याला. जहाज त्याचं नसतं, माल त्याचा नसतो. माल कुठं जाणार हे तो ठरवत नाही. विंचसुद्धा तो थांबवत नाही. त्याचं काम मोजायचं आणि सही करायची. पण पेटी फुटलेली असली, दोन गोण्या कमी असल्या, तर तो कागदावर शेरा मारतो आणि मगच सही करतो. त्या शेऱ्यानं जहाज बुडत नाही. पण उद्या नुकसानीचा दावा लागला तर तो शेराच बोलतो. न मोजता सही करणारा टॅली क्लार्क म्हणजे चोरीतला भागीदार, मग तो आपल्या जातीचा असो नाहीतर आपल्या आळीचा.

राष्ट्रपतीला हा शेरा मारायचा हक्क घटनेत लिहून दिलाय. कलम ७८: पंतप्रधानाकडं माहिती मागता येते, आणि एकट्या मंत्र्यानं घेतलेला निर्णय मंत्रिमंडळापुढं ठेवा, असं सांगता येतं. कलम १११: बिल एकदा परत पाठवता येतं. कलम ७४: १९७६च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनं सल्ला पक्का बंधनकारक केला, पण १९७८च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनं एक फट ठेवली, की फेरविचार करा म्हणून सल्ला एकदा परत करता येतो. दुसऱ्यांदा आला तर सही करावीच लागते. एकदाच. फक्त एकदा. पण त्या एका वेळेत देशाला कळतं, की पेटी फुटकी आहे. शपथसुद्धा बघा. मंत्री शपथ घेतो घटनेशी निष्ठा ठेवायची. राष्ट्रपती शपथ घेतो घटना राखायची, तिचं रक्षण करायची. राखणदाराला निदान 'कोण आहे?' असं तरी ओरडता आलं पाहिजे का नाही?

आता न ओरडलेल्या राखणदारांचा हिशोब.

२५ जून १९७५ची रात्र. इंदिरा गांधींची चिठ्ठी राष्ट्रपती भवनात गेली. मंत्रिमंडळाची बैठक नाही. चिठ्ठीत लिहिलेलं, की आज रात्री बैठक शक्य नाही, कामकाज नियमावलीतल्या नियम १२खाली मी ती अट सोडून देते. फक्रुद्दीन अली अहमद यांनी रात्रीच सही केली. मंत्र्यांना कळलं दुसऱ्या दिवशी पहाटे, तोवर पुढारी तुरुंगात. देश २१ महिने कुलपात.

२२ मे २००५ची रात्र. अब्दुल कलाम मॉस्कोत. बिहारची विधानसभा एकदाही भरली नव्हती, ती बरखास्त करायचा कागद तिकडं गेला आणि सही होऊन आला. सुप्रीम कोर्टानं ती बरखास्ती नंतर घटनाबाह्य ठरवली.

२३ नोव्हेंबर २०१९ची पहाट. हे तर आपल्या महाराष्ट्रातलं. १२ नोव्हेंबरला लावलेली राष्ट्रपती राजवट पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठली. आठच्या सुमारास राजभवनात शपथविधी उरकला. मंत्रिमंडळाची बैठक? नाही. तोच नियम १२. इंदिराबाईंचा. ४४ वर्षांनी, दुसऱ्या पक्षाच्या हातात, पण तोच. ते सरकार २६ नोव्हेंबरला, बरोबर संविधान दिनाला, कोसळलं ही गोष्ट वेगळी. माझा सवाल ५.४७चा आहे. कलम ७८ नेमकं अशाच वेळेसाठी लिहिलंय. एकट्यानं घेतलेला निर्णय मंत्रिमंडळापुढं ठेवा, हे एक वाक्य कोविंदांना म्हणता येत होतं. सकाळी दहापर्यंत थांबलं असतं तर महाराष्ट्र काय समुद्रात बुडणार होता? बाबासाहेबांनी मोहोर दिली ती राष्ट्राच्या निर्णयावर उमटवायला. एका माणसानं अंधारात केलेल्या निर्णयावर उमटवायला नव्हे.

'पण तो बिचारा काय करणार, बांधलेला होता.' हे ऐकून कान किटले. बांधलेले नारायणनही होते. ऑक्टोबर १९९७ मध्ये गुजराल सरकारनं उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावायची शिफारस केली. त्यांनी परत पाठवली. सरकारनं गप्प गुंडाळून ठेवली. सप्टेंबर १९९८ मध्ये वाजपेयी सरकारनं बिहारची पाठवली. तीही परत केली. म्हणजे परत करताना त्यांनी पक्ष बघितला नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये शंकरबिघा आणि नारायणपूरची दलित हत्याकांडं झाल्यावर शिफारस पुन्हा आली तेव्हा सही केली, आणि राज्यसभेत बहुमत नाही म्हणून सरकारलाच ती मार्चमध्ये मागं घ्यावी लागली. न्यायाधीशांच्या नेमणुकीच्या फाइलवर त्यांनी लिहिलं, की दलित, आदिवासी आणि स्त्रिया यांचा विचार व्हावा. शेरा! हाच तो शेरा. घटनेचा फेरआढावा घ्यायची टूम निघाली तेव्हा, २७ जानेवारी २०००ला, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात सरकारसमोर उभं राहून विचारलं, की घटनेनं आपल्याला दगा दिला की आपण घटनेला? त्यांच्यावर महाभियोग आला? कलम ६१ सांगतं, राष्ट्रपतीला काढायला दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश मतं लागतात. आजवर एकाही राष्ट्रपतीला असं काढलेलं नाही. मग भीती कशाची?

नारायणन यांना मी देव करत नाही. २००२ला गुजरात जळत होतं तेव्हा त्यांनी पंतप्रधानांना पत्रं लिहिली, हे त्यांनी पदावरून उतरल्यावर सांगितलं. जळणाऱ्याला पत्र तेव्हाच ऐकू आलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांनी सही आणि शेरा यातला फरक दाखवला. तो दलित असल्यामुळं दाखवला असं नाही. तो फरक कळणारा माणूस दलित होता, एवढंच.

कोविंदांचा सप्टेंबर २०२० घ्या. शेतीची बिलं राज्यसभेत आवाजी मतदानानं रेटली. विरोधकांनी मतमोजणी मागितली, दिली नाही. विरोधक राष्ट्रपतींकडं गेले, म्हणाले, परत पाठवा. २७ सप्टेंबरला सही. शेतकरी दिल्लीच्या वेशीवर वर्षभर बसले, आणि २०२१ संपायच्या आत तेच कायदे रद्द करणाऱ्या बिलावर त्याच हातांना सही करावी लागली. एक शेरा मारला असता तर ते वर्ष वाचलं असतं का? सांगता येत नाही. पण पेटी फुटकी होती, हे आज सरकारच कबूल करून बसलंय.

दुसऱ्या दिवशी, २८ सप्टेंबरला, तीन कामगार संहितांवर सही. राज्यसभेत त्या पास झाल्या तेव्हा विरोधकांचा बहिष्कार होता, बाकं रिकामी. तीनशेपेक्षा कमी कामगारांच्या कारखान्याला आता सरकारला न विचारता माणसं काढता येतात. आधी हा आकडा १०० होता. आमचा, गोदीवाल्यांचा, १९८६चा सुरक्षिततेचा कायदा त्यातल्याच एका संहितेच्या पोटात गेला. २१ नोव्हेंबर २०२५पासून या संहिता लागू आहेत. माझ्या डोक्यावर क्रेन फिरते तिच्याखाली कुणाची सही आहे, हे मला माहीत असलेलं बरं. ती माझ्या जातभाईची आहे, म्हणून काय लोखंड हलकं होतं?

आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, २९ला, हाथरसची ती पोरगी इस्पितळात गेली. त्या रात्रीच पोलिसांनी घरच्यांना बाजूला सारून तिचं प्रेत जाळलं. राष्ट्रपती दलित, राष्ट्रपती उत्तर प्रदेशचेच. मला ठाऊक आहे, पोलीस राज्याचे असतात, राष्ट्रपतीच्या हुकमात तिथला एक हवालदारसुद्धा नसतो. पण तोंडावर तर कुठलं कलम कुलूप घालत नाही! आमच्या वस्तीपर्यंत त्या वाड्यातून एक शब्द पोचला नाही. पुढं निवृत्तीनंतर, सप्टेंबर २०२३ मध्ये, त्याच सरकारनं 'एक देश एक निवडणूक' समितीचं अध्यक्षपद त्यांना दिलं आणि त्यांनी ते घेतलं. राष्ट्राचा प्रमुख राहिलेला माणूस सरकारी समितीचा अध्यक्ष! याचा अभिमान कसा वाटून घ्यायचा ते मला शिकवा.

मुर्मूबाईंबद्दल बोललं की लगेच 'आदिवासी बाईचा अपमान' म्हणून ओरड होते. तर मी त्यांच्या मानाचंच सांगतो. २०१७ साली त्या झारखंडच्या राज्यपाल होत्या. त्यांच्याच पक्षाच्या सरकारनं छोटा नागपूर आणि संथाल परगण्याच्या कूळकायद्यांत बदल केले, आदिवासींच्या जमिनी सुटतील असे. आदिवासी पेटून उठले. मुर्मूबाईंनी ती बिलं परत पाठवली. म्हणजे शेरा मारायला येतो त्यांना. मग ऑगस्ट २०२३ मध्ये वनसंवर्धन कायद्याच्या दुरुस्तीवर सही झाली तेव्हा रांचीतली ती लेखणी दिल्लीत कुठं हरवली? आणि अपमानाचं म्हणाल तर कलम ७९ वाचा: संसद म्हणजे राष्ट्रपती आणि दोन सभागृहं. २८ मे २०२३ला त्याच संसदेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन पंतप्रधानांनी केलं आणि राष्ट्रपती त्या कार्यक्रमात नव्हत्या. ज्यांचा फोटो आदिवासी पाड्यावर मतं मागायला चालतो त्यांना त्यांच्याच घराच्या वास्तुशांतीला जागा नाही. अपमान कुणी केला?

तेव्हा मागायचं काय ते नीट मागू. जादा अधिकार नकोत. एक: राष्ट्रपती राजवट लावणं असो की उठवणं, मंत्रिमंडळाच्या लेखी निर्णयाशिवाय नाही. आणीबाणीसाठी ही अट चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनं घातलीच आहे. जिथं लिहिलं तिथं भोक बुजलं, जिथं लिहिलं नाही तिथून २०१९ची पहाट शिरली. दोन: बिलावर बसून राहायला मुदत. झैलसिंगांनी १९८६चं, लोकांची पत्रं फोडू देणारं पोस्टाचं बिल दाबून ठेवलं तेव्हा लोकांचं भलं झालं. पण तीच दाबून ठेवायची कला उद्या आमच्या हक्काच्या बिलावर चालेल. परत पाठवायचं तर उघड पाठवा. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी मत दिलं, की राष्ट्रपतींना आणि राज्यपालांना कोर्ट मुदत घालून देऊ शकत नाही. ठीक. मग घटनेतच दुरुस्ती करून घाला. तीन: राष्ट्रपतीनं काय परत केलं, का परत केलं, ते लोकांपुढं ठेवा. चार: वाड्यातून उतरल्यावर कुठल्याही सरकारचं पद नाही. ज्याला पुढचं ताट दिसतं त्याच्या हाताला आजचा शेरा जड जातो.

यातलं काहीच राष्ट्रपतीला राजा करत नाही. बाबासाहेबांचा दोर जागच्या जागी राहतो. फक्त मोहोरेच्या खाली कोरा कागद सरकवायची सोय बंद होते.

आणि तोवर, भावांनो, आपल्याला एक करता येतं. पुढच्या वेळी कुणी पक्षाचा दलाल वस्तीत फोटो घेऊन आला आणि म्हणाला 'आपला माणूस', तर त्याला खुर्चीचा फोटो मागू नका. त्याला विचारा, या माणसानं आजपर्यंत काय परत पाठवलं? कागद दाखव. दाखवला तर जय भीम घाला. नाही दाखवला तर फोटो त्याच्या हातात परत द्या. परत पाठवायचा तेवढा हक्क आपल्यालाही आहे.